शिक्कामोर्तब

रास्पबेरी पायचा कॉम्प्युट मोड्यूल ४ हा बोर्ड हातावर ठेवला तर अर्धा तळहातही भरत नाही. लांबी ५५ मिलिमीटर, रुंदी ४०. वीज जोडली की काही सेकंदांत पडद्यावर लिनक्सच्या ओळी सरकू लागतात आणि आपण कामाला लागतो. त्या ओळी दिसण्याआधीच्या दोनतीन सेकंदांत काय घडलं, हे सहसा कोणी विचारत नाही. हे प्रकरण त्या दोनतीन सेकंदांबद्दल आहे.

वीज आल्यावर सर्वांत आधी कोण जागं होतं? प्रोसेसर, असं कोणीही सांगेल. रास्पबेरी पायच्या बाबतीत ते खरं नाही. ज्या चार आर्म कोअरवर आपलं लिनक्स चालतं ते तेव्हा झोपलेलेच असतात. आधी उठतो तो चिपमधला व्हिडिओकोअर, म्हणजे मुळात चित्रं आणि व्हिडिओ हाताळण्यासाठी बनवलेला भाग. त्याच्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम चिप घडवतानाच सिलिकॉनमध्ये कोरून ठेवलेला असतो. त्याला बूट रॉम म्हणतात. तो आपल्याला बदलता येत नाही, आणि एकदा चिप तयार झाली की बनवणाऱ्यांनाही येत नाही. बूट रॉमचं काम एवढंच, की पुढचा प्रोग्रॅम कुठे आहे ते शोधायचं, तो मेमरीत आणायचा आणि सूत्रं त्याच्या हाती द्यायची.

२०१२ साली आलेल्या पहिल्या पायमध्ये हा पुढचा प्रोग्रॅम एसडी कार्डावरच्या एका फाइलमध्ये असायचा. जून २०१९ मध्ये पाय ४ आला तेव्हा तो कार्डावरून उचलून बोर्डावरच्या ५१२ किलोबाइटच्या एका छोट्या ईईप्रॉम चिपमध्ये ठेवण्यात आला. हा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर. तो मग कार्ड, अंतर्गत मेमरी, यूएसबी किंवा नेटवर्क यांतून पुढच्या फाइली शोधतो, त्या फाइली लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, उठवतात आणि कर्नल बाकीच्या संसाराला. एकाने दुसऱ्याला उठवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. नेहमीच्या पायमध्ये या उठवाउठवीत कोणी कोणाला ‘तू कोण, कुठून आलास’ असं विचारत नाही. ठरलेल्या नावाची फाइल ठरलेल्या जागी सापडली, की तीच खरी.

घरातल्या टेबलावर हा भाबडेपणा सोयीचा असतो. शाळेतली मुलं कार्ड काढतात, दुसरं घालतात, बिघडलं तर पुन्हा लिहितात, आणि पाय मुळात त्यांच्यासाठीच जन्माला आला. पण हाच बोर्ड पेटीत बंद होऊन रस्त्यावरच्या खांबावर, इमारतीच्या जिन्याखाली किंवा पाण्याच्या टाकीवर जाऊन बसतो, तेव्हा तो दिवसातले चोवीस तास अनोळखी माणसांच्या हाताच्या अंतरावर एकटा असतो. तिथे काय होऊ शकतं? कार्ड काढून लॅपटॉपमध्ये घालायचं. त्यावर कर्नलला द्यायच्या सूचनांची एक ओळ असते, साध्या मजकुराची फाइल, कोणत्याही एडिटरमध्ये उघडणारी. त्या ओळीच्या शेवटी एक छोटीशी सूचना जोडायची, की उठल्यावर नेहमीची घडी बसवू नकोस, थेट कमांडचा पडदा दे. कार्ड परत घालायचं आणि वीज द्यायची. पासवर्ड विचारलाच जात नाही, कारण पासवर्ड विचारणारा प्रोग्रॅम सुरूच झालेला नसतो. आपण बत्तीस अक्षरी पासवर्ड ठेवलेला असो की चार अक्षरी, फरक शून्य.

कॉम्प्युट मोड्यूलमध्ये अनेकदा कार्डाऐवजी बोर्डावरच पक्की बसवलेली ईएमएमसी मेमरी असते. ती उपटून काढता येत नाही, म्हणून काही जण निर्धास्त असतात. पण बोर्डावरचा एक जंपर बसवून यूएसबी केबलने तो लॅपटॉपला जोडला, की तीच मेमरी पेनड्राइव्हसारखी समोर उघडते. ही चोरवाट नाही. कारखान्यात मेमरी भरण्यासाठी ठेवलेली ती अधिकृत सोय आहे.

सिक्युअर बूट म्हणजे या साखळीतल्या प्रत्येक कडीला पुढच्या कडीची ओळख विचारायला लावणं.

त्याने काय साधतं आणि काय साधत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या शब्दातल्या ‘सिक्युअर’ने पुष्कळांची दिशाभूल केली आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराय नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन डिन या कंपनीच्या सेवेवर मारा केला आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांचे दरवाजे काही तास बंद पडले. मिराय कसा शिरत होता? कारखान्यातून आलेली, कोणी न बदललेली साठेक नावं आणि पासवर्ड एकामागून एक वापरून. तो फक्त चालत्या मेमरीत राहायचा. उपकरण बंद करून सुरू केलं की नाहीसा व्हायचा, आणि पासवर्ड तसाच असल्यामुळे थोड्या वेळात परत यायचा. त्याला सिक्युअर बूटने काहीही अडवलं नसतं. मे २०१८ मध्ये उघडकीला आलेला व्हीपीएनफिल्टर मात्र वेगळ्या जातीचा होता. ५४ देशांतल्या किमान पाच लाख राउटर आणि साठवणयंत्रांत त्याने घर केलं होतं, आणि त्याचा पहिला टप्पा कायमच्या मेमरीत लपलेला असल्यामुळे रीबूटनंतरही टिकायचा. सिक्युअर बूट आहे तो अशा, वीज गेल्यावरही मुक्काम न हलवणाऱ्या दुखण्यासाठी. तोही कधी पुरा पडतो आणि कधी नाही, ते पुढे येईलच.

ओळख पटवायची कशी? मराठीत यासाठी साडेतीनशे वर्षांचा अनुभव असलेला शब्द आहे, शिक्कामोर्तब. शिवकाळातलं राजपत्र पाहिलं तर वरच्या बाजूला मुद्रा असते, आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब. वरची मुद्रा सांगते, हे पत्र कोणाचं. खालची सांगते, आमचा मजकूर इथे संपला, याच्या खाली कोणी एक ओळ वाढवली तर ती आमची नाही. संगणकातली डिजिटल सही ही दोन्ही कामं एकत्र करते आणि त्यात तिसऱ्याची भर घालते, ती म्हणजे मधला मजकूरही बदललेला नाही याची हमी.

आधी फाइलचा सारांश काढायचा. एसएचए-२५६ ही पद्धत कितीही मोठ्या फाइलमधून २५६ बिटांची एक संख्या काढते. तिला हॅश म्हणतात. फाइलमधला एक स्वल्पविराम जरी हलला तरी हॅश ओळखू न येण्याइतका बदलतो, आणि ठरवून तोच हॅश देणारी दुसरी फाइल तयार करण्याची रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही. मग त्या हॅशवर सही करायची. इथे आरएसए येते. रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेनर्ड एडलमन या तिघांनी १९७७ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ती शोधून काढली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या हुडकणं जवळपास अशक्य, या एका गोष्टीवर तिचा डोलारा उभा आहे. रास्पबेरी पाय २०४८ बिटांची आरएसए वापरतो. दशमान पद्धतीत लिहिली तर ही संख्या ६१७ अंकी भरते.

जुन्या शिक्क्यात आणि यात एक मोठा फरक आहे. शिक्का ओळखायचा तर त्याचा ठसा आधी पाहिलेला असावा लागतो, आणि ठसा पाहिलेला कुशल कारागीर तसाच शिक्का कोरूही शकतो. आरएसएमध्ये सही करणारी किल्ली वेगळी आणि सही तपासणारी वेगळी. तपासणारी किल्ली चव्हाट्यावर टांगली तरी तिच्यावरून सही करणारी बनवता येत नाही. म्हणूनच खांबावरच्या एकट्या बोर्डाकडे तपासणारी किल्ली सोपवता येते. बोर्ड कोणी चोरून फोडला तरी त्यात सही करण्याजोगं काही सापडत नाही.

आता खरी अडचण. बूटलोडर कर्नलची सही तपासेल. पण बूटलोडर खरा कशावरून? त्याची सही त्याच्या आधीचा तपासेल. आणि त्याच्या आधीचा? हा प्रश्न मागे मागे जात राहतो, आणि कुठेतरी अशा जागी थांबावा लागतो जी कोणालाच बदलता येत नाही. अमेरिकेतल्या विल्यम अर्बो, डेव्हिड फार्बर आणि जोनाथन स्मिथ यांनी १९९७ मध्ये ईजिस नावाच्या रचनेत हा विचार पद्धतशीरपणे मांडला होता. पायमध्ये ही थांबायची जागा दोन गोष्टींनी बनते. एक, कोरलेला बूट रॉम. दुसरी, ओटीपी.

हा ओटीपी बँकेचा नव्हे. वन टाइम प्रोग्रामेबल, एकदाच लिहिता येणारी मेमरी. तिच्यातला प्रत्येक बिट सुरुवातीला शून्य असतो. त्याचा एक करता येतो. परत शून्य करता येत नाही. या कृतीला ‘फ्यूज जाळणं’ म्हणतात. काळ्या दगडावरची रेघ म्हणतो ती हीच.

ओटीपीत जागा फार थोडी असते, म्हणून तिथे अख्खी किल्ली न ठेवता किल्लीचा हॅश ठेवण्याची युक्ती केलेली आहे. तपासणारी किल्ली पायच्या स्वरूपात २६४ बाइटची होते. तिचा हॅश फक्त ३२ बाइटचा, म्हणजे ३२ बिटांच्या आठ ओळी. पाय ४ मध्ये या ओळींचे क्रमांक ४७ ते ५४. किल्ली स्वतः ईईप्रॉममध्ये उघडी पडलेली असते. बूट होताना तिचा हॅश काढून फ्यूजमधल्या हॅशशी ताडला जातो. जुळला तरच तिच्याने पुढच्या सह्या तपासायच्या. कोणी ईईप्रॉममध्ये स्वतःची किल्ली ठेवली, तर हॅश जुळत नाही आणि बोर्ड तिथेच थांबतो.

बारकाईने वाचणाऱ्याला इथे शंका यावी. हे ताडून पाहण्याचं काम करणारा बूटलोडर ईईप्रॉममध्येच आहे, मग तोच बदलला तर? त्यासाठी बूट रॉममध्ये दुसरी एक तपासणारी किल्ली कोरलेली आहे, ती रास्पबेरी पाय कंपनीची. बूटलोडरवर कंपनीची सही हवी. ती रॉम तपासतो. बूटलोडरच्या सेटिंगवर आणि कर्नलच्या गठ्ठ्यावर तुमची सही हवी. ती बूटलोडर तपासतो. म्हणजे पाय ४ मध्ये तुम्ही स्वतःवर जेवढा विश्वास टाकता, तेवढाच कंपनीवरही टाकता. पाय ५ मध्ये यात सुधारणा झाली. तिथे कंपनीने सही केलेल्या बूटलोडरवर तुमची प्रतिस्वाक्षरीही लागते, म्हणजे कंपनीने उद्या नवा बूटलोडर काढला तरी तुमच्या संमतीशिवाय तो तुमच्या बोर्डावर चालत नाही. माझ्या मते पाय ५ कडे वळण्यासाठी वेगापेक्षाही हे कारण मोठं आहे.

प्रत्यक्ष काम एका दुपारचं आहे. ओपनएसएसएल या प्रोग्रॅमला एक आज्ञा दिली की २०४८ बिटांची किल्ली तयार होते. मग बूट विभागातलं सगळं, म्हणजे कर्नल, बोर्डाचं वर्णन सांगणारी डिव्हाइस ट्रीची फाइल, सुरुवातीच्या काळापुरती लागणारी इनिटरॅमएफएस ही फाइल-व्यवस्था, सेटिंगच्या फाइली आणि ती कर्नलच्या सूचनांची ओळ, हे एका बूट डॉट आयएमजी नावाच्या फाइलमध्ये गठ्ठा बांधून ठेवायचं. शेजारी बूट डॉट सिग ही सहीची छोटी फाइल.

गठ्ठा का बांधायचा, प्रत्येक फाइलवर वेगवेगळी सही का नाही? याचं उत्तर मला या सगळ्या रचनेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. समजा बूटलोडरने कार्डावरची फाइल वाचली, सही तपासली, समाधान झालं, आणि वापरण्यासाठी तीच फाइल कार्डावरून पुन्हा वाचली. या दोन वाचनांच्या मध्ये कार्डाच्या जागी बसलेलं एखादं लबाड यंत्र दुसराच मजकूर पुढे करू शकतं. पहिल्यांदा खरा कागद दाखवायचा, सही करताना खोटा सरकवायचा, अशी ही हातचलाखी. म्हणून पायचा बूटलोडर अख्खा गठ्ठा एकदाच मेमरीत ओढून घेतो, मेमरीतल्या प्रतीचा हॅश काढतो आणि त्याच प्रतीवरून पुढचं बूट करतो. जे तपासलं तेच वापरलं. कार्डाकडे परत वळून बघणंच नाही.

पुढची पायरी मात्र घाईने करायची नाही. आधी सही न तपासता नुसता गठ्ठ्यावरून बूट होतो का ते पाहावं. कॉन्फिग फाइलमध्ये बूट रॅमडिस्क ही सोय त्यासाठीच आहे. निम्म्या अडचणी इथेच निघतात, कारण गठ्ठ्यात एखादी फाइल हमखास राहून जाते. मग बूटलोडरच्या सेटिंगमध्ये ‘साइन्ड बूट’ ही ओळ चालू करून, तुमची किल्ली आणि सही असलेलं ईईप्रॉम लिहावं, पण फ्यूजला हात लावू नये. या अवस्थेत बोर्ड सही तपासतो, बिनसहीचा गठ्ठा नाकारतो, आणि तरीही जंपर बसवून ईईप्रॉम पूर्ववत करता येतं. महिनाभर या अवस्थेत राहावं, अद्ययावत करण्याचा सराव करावा, मुद्दाम एक बाइट बदललेला गठ्ठा देऊन तो नाकारला जातो हे डोळ्यांनी पाहावं.

शेवटी फ्यूज जाळण्यासाठी दोन ओळींची एक फाइल. एक ओळ सांगते, किल्लीचा हॅश फ्यूजमध्ये लिही. दुसरी सांगते, रॉममधली विकासकांची जुनी किल्ली रद्द कर. ही दुसरी विसरली, तर सिक्युअर बूट न जाणणारे जुने बूटलोडर चालवण्याची वाट उघडी राहते. जंपर बसवायचा, यूएसबी केबल जोडायची, लॅपटॉपवर आरपीआयबूट हा प्रोग्रॅम चालवायचा. काही सेकंद. धूर येत नाही, आवाज होत नाही. त्यानंतर तो बोर्ड त्याच्या आयुष्यात दुसऱ्या कोणाच्याही सहीचं काही चालवणार नाही. पेनड्राइव्हसारखी मेमरी उघडण्याची ती कारखान्याची सोयसुद्धा आता तुमच्या सहीशिवाय चालत नाही. मांडणीत चूक राहिली असेल तर बोर्डावरचा दिवा तीन लांब आणि चार छोटे लुकलुकाट करतो. तो नमुना मी भिंतीवर लिहून ठेवला आहे.

इथे आल्यावर पुष्कळ जण समाधानाने उठतात. पण पुढच्या दाराला कुलूप लागलं, परसदाराचं काय? सही गठ्ठ्यावर आहे, म्हणजे कर्नल आणि सुरुवातीच्या फाइलींपुरती. तुमचा खरा प्रोग्रॅम, पासवर्डांच्या फाइली, सगळं लिनक्स हे त्यानंतरच्या मोठ्या विभागात असतं आणि सिक्युअर बूट त्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्यासाठी दोन उपाय आहेत. विभाग फक्त वाचण्यापुरता ठेवायचा आणि डीएम-व्हेरिटी या सोयीने त्याच्या प्रत्येक तुकड्याचा हॅश तपासायचा, आणि या सगळ्या हॅशांचा मूळ हॅश सही केलेल्या गठ्ठ्यात ठेवायचा. किंवा विभाग लक्स पद्धतीने कूटबद्ध करायचा आणि त्याची २५६ बिटांची किल्ली त्याच बोर्डाच्या ओटीपीत, ५६ ते ६३ क्रमांकांच्या ओळींत ठेवायची. म्हणजे मेमरी एका बोर्डातून काढून दुसऱ्यात लावली तर उघडतच नाही. यातलं पहिलं केलं नाही तर व्हीपीएनफिल्टरसारख्या पाहुण्याला राहायला घर मोकळंच आहे. चिपच्या चाचणीसाठी असलेलं जेटॅग हे द्वारही बंद करता येतं, आणि तेही कायमचं.

दुसरी फट जास्त फसवी आहे. सहीला मुदत नसते. गेल्या वर्षी सही केलेल्या गठ्ठ्यातल्या कर्नलमध्ये छिद्र सापडलं, तुम्ही नवा गठ्ठा काढला. पण जुन्यावरची सहीही खरीच आहे. हल्लेखोराने जुना गठ्ठा परत ठेवला, तर बोर्ड तो आनंदाने चालवेल. म्हणून ज्या गठ्ठ्यावर सही केली, त्याचं पालकत्व कायमचं अंगावर आलं असं समजावं, आणि चाचणीच्या गठ्ठ्यांना, विशेषतः ज्यात पासवर्ड न विचारता आत सोडणारी सोय ठेवलेली असते त्यांना, खऱ्या किल्लीने कधीही सही करू नये. चाचणीची किल्ली वेगळी, चाचणीचे बोर्ड वेगळे.

चाचणीची किल्ली खऱ्या कामात शिरली की काय होतं, हे २०२४ मध्ये पीकेफेल नावाने गाजलेल्या प्रकरणात दिसलं. ते घरगुती संगणक आणि सर्व्हरच्या सिक्युअर बूटबद्दल होतं, पण धडा हाच. फर्मवेअर बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने नमुन्यादाखल एक किल्ली दिली होती. तिच्या नावातच ‘डू नॉट ट्रस्ट’, विश्वास ठेवू नका, असं लिहिलं होतं. तीच किल्ली शेकडो प्रकारच्या यंत्रांत तशीच बाजारात गेली. आणि तिचा सही करणारा भाग सार्वजनिक जागी, चार अक्षरी पासवर्डाच्या आड, पडलेला सापडला. बिनार्ली या संस्थेच्या संशोधकांनी हे उघड केलं. त्याआधी, डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत फेलओव्हरफ्लो या गटाने प्लेस्टेशन ३ ची सही करणारी किल्ली कशी मिळवली ते दाखवलं होतं. तिथे वापरलेल्या सहीच्या पद्धतीत प्रत्येक वेळी नवी यदृच्छ संख्या घ्यावी लागते. निर्मात्यांनी दर वेळी एकच घेतली होती. दोन सह्या समोर ठेवून शाळेतल्या बीजगणिताने किल्ली निघाली. दोन्ही ठिकाणी फ्यूज शाबूत होते, गणित शाबूत होतं. माणसांनी किल्ली सांभाळली नव्हती.

किल्ली चोरीला जाणं हा एक धोका; हरवणं हा दुसरा, आणि छोट्या कारखान्यांत तोच जास्त जवळचा. माझ्याकडे एक बोर्ड आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी त्याचे फ्यूज जाळले, आणि किल्ली लॅपटॉपच्या एका फोल्डरमध्ये ठेवली. लॅपटॉपवर नवी प्रणाली टाकली तेव्हा ते फोल्डर गेलं. बोर्ड बिघडलेला नाही. शेवटची सही केलेला गठ्ठा घालून तो आजही उठतो, वेळ दाखवतो, तापमान नोंदवतो. पण त्याच्यात यापुढे एक अक्षरही सुधारता येणार नाही. असा एकच बोर्ड होता म्हणून निभावलं. हेच शेतावरच्या दोनशे पंपांवर बसवलेल्या दोनशे बोर्डांचं झालं असतं तर प्रत्येक ठिकाणी जाऊन ते उतरवून भंगारात टाकावे लागले असते.

न बदलणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवण्याची दुसरी किंमतही आहे. बूट रॉममध्येच चूक निघाली तर ती दुरुस्त करता येत नाही. २०१८ मध्ये निन्टेन्डो स्विचमधल्या टेग्रा एक्स१ चिपच्या बूट रॉममध्ये, यूएसबीवरून आलेल्या मागणीची लांबी न तपासण्याची चूक सापडली. तोवर विकलेल्या प्रत्येक यंत्रात ती कायम राहिली. चिपच बदलण्याखेरीज इलाज नव्हता. २०१९ मध्ये चेकएम८ नावाच्या हल्ल्याने ॲपलच्या अनेक पिढ्यांच्या आयफोनबाबत तेच दाखवलं.

या बाबतीत रास्पबेरी पायने ऑगस्ट २०२४ मध्ये जे केलं ते मला फार आवडलं. आरपी२३५० ही त्यांची नवी मायक्रोकंट्रोलर चिप, पिको २ या छोट्या बोर्डातली, सिक्युअर बूटसह आली आणि कंपनीने जाहीर आव्हान दिलं, की ओटीपीत लपवलेलं गुपित काढून दाखवा, दहा हजार डॉलर घ्या. पुढे बक्षीस वीस हजारांवर नेलं. जानेवारी २०२५ मध्ये निकाल आले, आणि चिप एका नव्हे, अनेक वाटांनी फुटली होती. कोणी विजेच्या दाबाला नेमक्या क्षणी धक्का दिला, कोणी चुंबकीय स्पंद मारला, कोणी चिपची पाठ उघडून लेझर सोडला. एका गटाने तर आयनांच्या झोताने ओटीपीतले बिट अक्षरशः डोळ्यांनी वाचले. कंपनीने सगळे मार्ग प्रसिद्ध केले, बक्षिसं दिली आणि चिपची सुधारित आवृत्ती काढली. लपवाछपवीपेक्षा हा मार्ग मला कितीतरी विश्वासाचा वाटतो. आपणही त्यातून एवढं घ्यावं, की बोर्ड हाती आलेला, प्रयोगशाळा असलेला, चिकाटीचा माणूस काय करू शकतो याला मर्यादा नाही. सिक्युअर बूट त्याचा खर्च वाढवतो. म्हणून एका बोर्डातून सगळ्या बोर्डांची गुपितं निघतील अशी रचना करू नये. प्रत्येकाची विभाग उघडणारी किल्ली वेगळी असावी.

आता कुलपाच्या दुसऱ्या बाजूबद्दल. टिव्हो नावाच्या अमेरिकी व्हिडिओ रेकॉर्डरमध्ये लिनक्स होतं. लिनक्सच्या जीपीएल परवान्याप्रमाणे कंपनी सोर्स कोड देत होती. पण तो सुधारून यंत्रात घातला तर सही नाही म्हणून यंत्र चालत नसे. कोड तुमचा, यंत्र तुमच्या पैशाचं, आणि तरी शेवटचा शब्द कंपनीचा. २००७ मध्ये आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत ग्राहकोपयोगी यंत्रांसाठी हे रोखणारी अट घालण्यात आली, ती मुख्यतः या अनुभवामुळे. लिनक्स कर्नल मात्र दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. पाय दुकानातून येतो तो ग्राहकाच्या किल्लीचे फ्यूज कोरे ठेवून. कुलूप लावायचं की नाही हे ज्याने घेतला तो ठरवतो. हे मला योग्य वाटतं. शिकण्याच्या, छंदाच्या आणि शाळेतल्या बोर्डांचे फ्यूज जाळू नयेत. विकायच्या यंत्राचे जाळायचे असतील तर धंदा बंद पडला तर ग्राहकाने काय करायचं, याचं उत्तर आधी लेखी असावं.

काही ठिकाणी आता पर्याय राहिलेला नाही. भारत सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या आवश्यक अटी घातल्या. त्यात बूट होताना गठ्ठ्याची सही तपासली जाणं आणि जेटॅगसारखी चाचणीची द्वारं बंद असणं, दोन्ही आहेत. म्हणजे कॅमेरे बनवणाऱ्या भारतातल्या छोट्या कारखान्यांनाही किल्ली सांभाळण्याचं हे काम शिकावं लागणार. फ्यूज जाळणारी दुपार त्यातला लहान भाग. किल्ली कोणाच्या ताब्यात, सही करताना दुसरं कोण हजर, तो माणूस नोकरी सोडून गेला तर काय, या प्रश्नांची उत्तरं पाचदहा वर्षं टिकायला हवीत, कारण खांबावरचं यंत्र तेवढं टिकतं.

माझी आताची पद्धत अशी. किल्ली इंटरनेट नसलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर तयार केली आणि दोन स्मार्ट कार्डांत उतरवली. कार्डातून किल्ली बाहेर काढता येत नाही. हॅश आत द्यायचा, सही बाहेर घ्यायची. एक कार्ड कामाच्या टेबलाच्या खणात, दुसरं बँकेच्या लॉकरमध्ये, सोबत कागदावर किल्लीचा हॅश आणि ती कोणकोणत्या बोर्डांत आहे त्यांची यादी. खंडेनवमीला हत्यारं पुसून मांडतो, त्याच्या आधीच्या आठवड्यात लॉकरमधलं कार्ड आणतो, त्याने सध्या चालू असलेल्या गठ्ठ्याच्या एका प्रतीवर सही करतो आणि फ्यूज जाळलेल्या एका बोर्डाला ती देऊन पाहतो. दिवा नेहमीसारखा लुकलुकला, पडद्यावर ओळी सरकायला लागल्या, की ती प्रत पुसून टाकतो, यादीवर तारीख घालतो आणि कार्ड पुन्हा पाकिटात घालतो.